दारातला उकिरडा ही घरातली ठेव होती: १९व्या शतकातल्या स्कॉटिश खेड्यांचं आरोग्य

प्रश्न असा आलाय की ग्लासगो, एडिंबरा अशा शहरांत गर्दी होती, गिरण्या होत्या, तिथे कॉलरा आणि टायफॉइड पसरले हे समजतं, पण स्कॉटलंडच्या खेड्यांत तर मोकळी हवा, डोंगरातले झरे, थोडी वस्ती, मग तिथे लोक का मरत होते? आणि घराच्या दारातच शेणाचा ढीग घालून लोक राहायचे ते अडाणी होते म्हणून का?

मी पाणी आणि सांडपाण्याच्या कामातला माणूस आहे. सुरुवातीची वर्षं महाराष्ट्रात गावांच्या नळयोजनांवर गेली आणि नंतरची बरीच वर्षं स्कॉटलंडमधे, जिथे आजही डोंगराकडच्या कितीतरी घरांना सरकारी पाइप पोचलेला नाही आणि लोक स्वतःच्या झऱ्याचं किंवा विहिरीचं पाणी पितात, ते तपासायचं, दुरुस्त करून घ्यायचं हे काम. एखादा झरा सारखा का बिघडतो हे शोधताना जुने नकाशे आणि शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे आरोग्य खात्याचे रिपोर्ट बघावे लागतात, त्यातून हा विषय माझ्या डोक्यात बसला तो बसलाच.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. नाही, अडाणी होते म्हणून नाही. तो ढीग म्हणजे त्या घराचा वर्षभराचा बटाटा होता.

हे नीट समजून घ्या. साधारण १८२०-४० च्या काळातलं एखादं खेडं डोळ्यासमोर आणा, ईस्ट लोदियन किंवा अँगसकडचं. रस्त्याला लागून बसक्या दगडी घरांची रांग, दोन खोल्यांचं घर, बाहेरची खोली ती 'बट' आणि आतली ती 'बेन', जमीन चोपलेल्या मातीची, खिडकी एवढीशी आणि बऱ्याचदा न उघडणारी. दारासमोर किंवा मागच्या भिंतीला टेकून उकिरडा, त्याला तिकडे मिडन म्हणतात. त्यात चुलीची राख, डुकराच्या खुराड्यातली घाण, गाय असेल तर शेण, भाजीचा कचरा, धुण्याभांड्याचं पाणी आणि माणसांचा मैला, सगळं एकत्र. संडास नावाची वेगळी गोष्ट बहुतेक घरांना नव्हतीच. आता या मजुराकडे जमीन नाही. पण शेजारच्या मोठ्या शेतकऱ्याबरोबर त्याचा व्यवहार असा असायचा की तू तुझं खत माझ्या शेतात आणून टाक, ते जेवढ्या जमिनीला पुरेल तेवढ्या जमिनीवर या वर्षी बटाटा लाव, तो तुझा. पुढच्या वर्षी ती खतावलेली जमीन शेतकऱ्याला धान्यासाठी आयती तयार. दोघांचा फायदा. म्हणजे ढीग जितका मोठा तितका बटाटा जास्त, आणि बटाटा म्हणजे हिवाळ्यातलं निम्मं जेवण.

अशा माणसाला तुम्ही सांगा की हा ढीग आरोग्याला वाईट आहे, रोज उचलून टाक. तो कसा ऐकेल? आणि ढीग घरापासून लांब तरी कुठे न्यायचा, जमीन तर त्याची नाहीच, आणि लांब ठेवला तर चोरीला जायची भीती. १८४२ मधे एडविन चॅडविक या इंग्लंडच्या गरीब कायद्याच्या खात्यातल्या अधिकाऱ्याचा मजुरांच्या राहणीबद्दलचा मोठा रिपोर्ट आला तेव्हा स्कॉटलंडचे स्थानिक रिपोर्ट वेगळ्या खंडात छापले होते, त्यात गावोगावच्या डॉक्टरांनी या ढिगांबद्दल पानंच्या पानं लिहिलीत. वास, चिखल, दारातून आत येणारं काळं पाणी. पण वाचताना मला सारखं वाटतं की यातल्या फार थोड्यांनी विचारलं की या ढिगाची किंमत किती आणि ती भरून कोण देणार. आजही आम्ही गावात जाऊन हीच चूक करतो. माणूस घाणीला का चिकटून आहे हे विचारल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, हे मी कामात शिकलेल्या मोजक्या पक्क्या गोष्टींपैकी एक.

बेटांवर हाच हिशोब अजून टोकाला गेलेला दिसतो. लुइस बेटावरची 'ब्लॅकहाउस' नावाची घरं, जाड दगडी भिंती, वर गवताचं छप्पर, धुराडं नाही, मधोमध पीटचा, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या कुजक्या झाडपाल्याच्या मातीचा, विस्तव कायम पेटता. एकाच छपराखाली एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं, आणि गुरांचं शेण हिवाळाभर तिथेच साठत जायचं, वसंतात एकदाच काढायचं, काही ठिकाणी तर त्यासाठी टोकाची भिंत फोडायचे आणि पुन्हा रचायचे. छपराचं काजळी धरलेलं गवतसुद्धा उतरवून शेतात टाकायचे कारण त्यात खतगुण असतो. बाहेरून आलेल्या इन्स्पेक्टरांना हे बघून किळस यायची आणि तसं त्यांनी लिहिलंही, पण त्या जमिनीत मीठ-वारा-पीट यांच्यामधे बार्ली आणि बटाटा उगवायचा तर दुसरं खत काय होतं? समुद्रातलं शेवाळ आणि हे. बस.

सेंट किल्डाचं उदाहरण मला सगळ्यात जास्त त्रास देतं. अटलांटिकमधलं एकटं बेट, शंभरएक माणसं, समुद्रपक्ष्यांवर जगणारी. तिथेही जुन्या घरांत राख, शेण, मैला, पक्ष्यांचे अवशेष हे सगळं घरातल्या जमिनीवरच पसरून थर चढवायचे आणि वर्षातून एकदा शेतात न्यायचे. आणि तिथे जन्मलेल्या बाळांपैकी निम्म्याहून जास्त पहिल्या दोन आठवड्यांत जायची. लोक त्याला आठ दिवसांचा आजार म्हणायचे. बाळ चार-पाच दिवस चांगलं दूध प्यायचं, मग जबडा आवळायचा, झटके यायचे आणि संपायचं. तो नवजात धनुर्वात होता, नाळ कापताना आणि नंतर लावायच्या गोष्टींतून शिरणारा. धनुर्वाताचे जंतू शेणामातीत असतात आणि इथे तर घराची जमीनच त्याची होती. नाळेला फुल्मार पक्ष्याचं साठवलेलं तेल लावायचे, त्यातून जंतू जायचा असंही बऱ्याच जणांचं मत आहे, पण माझ्या मते ती जमीन आणि सुईणीचे हात एवढंच पुरेसं होतं. लोकांनी ही देवाची इच्छा म्हणून मान्य केलं होतं. १८८९ मधे तिथे अँगस फिडिस नावाचा पाद्री आला, त्याने हे मान्य केलं नाही, मुख्य भूमीवर जाऊन बाळंतपणातली जंतुनाशक पद्धत शिकून आला, गावातल्या सुईणींचा विरोध झाला तरी मागे लागून ती चालू केली आणि दोन-तीन वर्षांत तो आजार थांबला. औषध नवीन नव्हतं, हॉस्पिटल नव्हतं. स्वच्छ हात, स्वच्छ कात्री, नाळेवर जंतुनाशक. इतकी वर्षं इतकी बाळं गेली आणि उपाय एवढासा होता. मी हे जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा थोडा वेळ पुढे वाचवत नाही.

आता पाणी. डोंगरातले झरे होते ना, मग काय अडचण? अडचण अशी की गाव झऱ्यापाशी नव्हतं. गाव रस्त्यावर, चर्चपाशी, गिरणीपाशी होतं आणि पाणी यायचं गावातल्या उथळ विहिरीतून किंवा ओढ्यातून. ही विहीर म्हणजे चार-सहा फूट खोल खड्डा, आतून कोरड्या दगडांनी बांधलेला, म्हणजे दगडांमधे चुना नाही, फटी मोकळ्या. वरून झाकण नाही. प्रत्येक बाई आपली लाकडी बादली आणून थेट बुडवणार, ती बादली काल कुठे होती कोण जाणे. दोन बादल्या पायाला लागू नयेत म्हणून मधे लाकडी कडं धरून चालायचे, लहान मुलीसुद्धा हे काम करायच्या, दिवसातून किती खेपा. आणि जिथे पाणी असं खांद्यावर-हातावर वाहून आणावं लागतं तिथे हात धुवायला, कपडे धुवायला, अंग धुवायला ते कमीच वापरलं जातं, हे तर कोणत्याही बाईला विचारा.

विहिरीच्या वरच्या अंगाला उकिरडा. पाऊस स्कॉटलंडमधे कधी थांबत नाही. ढिगातून झिरपलेलं पाणी वरच्या मातीतून खाली जातं, खाली बऱ्याच ठिकाणी हिमनद्यांनी आणून टाकलेली चिकट माती, त्यातून ते आणखी खाली जात नाही, मग आडवं सरकतं आणि पहिली मोकळी जागा मिळेल तिथे बाहेर पडतं. ती मोकळी जागा म्हणजे विहीर. मी आजही शेतघराच्या विहिरींवर हेच बघतो, गोठा वर, विहीर खाली, आणि मालक सांगतो की आजोबांपासून हेच पाणी पितोय. अजून एक गोष्ट, लोक डोळ्यांनी आणि जिभेनं पाणी पारखायचे. पीटमधून आलेलं पाणी चहासारखं तपकिरी असतं, ते त्यांना घाण वाटायचं. उकिरड्याशेजारच्या विहिरीचं पाणी मातीतून गाळून आल्यामुळे स्वच्छ, चमकदार, थंड, आणि ते गोड वाटायचं. खरं तर बऱ्याचदा तपकिरी पाणी जास्त सुरक्षित होतं. १८६०-७० नंतर केमिस्ट लोक पाण्यातला अमोनिया, नायट्रेट, क्लोराइड मोजायला लागले तेव्हा या 'चांगल्या' विहिरींचं पितळ उघडं पडलं, आणि गावकऱ्यांनी ते मानायला अजून बरीच वर्षं घेतली. आवडती विहीर बंद करणं हे कुठल्याही देशात सोपं नसतं.

आजारांबद्दल थोडं वेगळं करून सांगतो कारण यात खूप गोंधळ होतो. जुन्या कागदांत नुसतं 'फीवर' लिहिलेलं असतं. त्यात निदान दोन वेगळे आजार आहेत. टायफस हा उवांमुळे पसरतो, त्याचा पाण्याशी काही संबंध नाही, तो थंडी, गर्दी, न धुतलेले लोकरीचे कपडे आणि उपासमार यांचा आजार. टायफॉइड हा मैल्यातून पाण्यात-दुधात जाणारा. दोन्हींत ताप, दोन्हींत भ्रम, त्यामुळे शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक डॉक्टर एकच समजायचे, जरी ग्लासगोच्या हॉस्पिटलात काम केलेल्या अलेक्झांडर स्टुअर्टनं १८४० मधेच दोघांतला फरक मांडला होता. खेड्यांतल्या घरात टायफससाठी सगळं तयार होतं. तिथे कपाटासारखा लाकडी पलंग असायचा, तिन्ही बाजूंनी बंद, समोर सरकतं दार किंवा पडदा, त्यात तीन-चार जण झोपणार, एकाला ताप आला तरी बाकीचे तिथेच कारण दुसरी जागा नाही. १८४६ ला बटाट्यावर रोग पडला, हायलँड्समधे, म्हणजे उत्तर-पश्चिमेच्या डोंगराळ भागात, उपासमार झाली, १८४७ ला आयर्लंडमधून भुकेली माणसं लाटेसारखी आली आणि टायफस त्यांच्याबरोबर आणि इथल्याही उपाशी माणसांत पसरला. लोक त्याला आयरिश ताप म्हणायला लागले, जे अन्यायाचं होतं.

आणि कॉलरा, म्हणजे आपली पटकी. ही साथ मूळ बंगालमधली, १८१७ पासून जगभर फिरायला लागली, आणि डिसेंबर १८३१ मधे स्कॉटलंडमधे पहिल्यांदा सापडली ती ग्लासगोत नाही तर हॅडिंग्टन या छोट्या बाजारगावात. लगेच जानेवारीत शेजारच्या ट्रॅनेंट या खाणकामगारांच्या गावाला जबरदस्त फटका बसला. १८३२ च्या त्या साथीत देशभरात सुमारे १०,००० माणसं गेली. पण खेड्यांचं काय झालं ते बघायचं तर उत्तरेला ईस्टर रॉसच्या किनाऱ्यावरची कोळी गावं बघा. त्या उन्हाळ्यात विक बंदरात हेरिंगच्या हंगामाला हजारो माणसं जमलेली, मासे कापून मिठात भरायचं काम, आतडी-डोकी सगळी तिथेच सडत, आणि हंगाम संपला की प्रत्येक जण आपापल्या गावाला. कॉलरा त्यांच्याबरोबर गेला. क्रोमार्टीचा पाथरवट, पुढे भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून नाव झालेला ह्यू मिलर, त्याने लिहून ठेवलंय की पोर्टमाहोमॅकमधे पाचातला एक माणूस गेला आणि इन्व्हर नावाच्या त्याहून लहान गावात जवळजवळ निम्मं गाव. निम्मं गाव म्हणजे काय याचा विचार करा, पुरायला कोण उरलं असेल.

क्रोमार्टीच्या लोकांनी आपल्या गावाभोवती पहारा बसवला होता, येणाऱ्या माणसाला एका लाकडी खोलीत बसवून गंधक आणि क्लोराइडची धुरी द्यायचे, भिकारी-फिरस्त्यांना परत पाठवायचे. तरी आत आलाच. मिलर सांगतो ती गोष्ट अशी की विकला कॉलरानं मेलेल्या एका कोळ्याचे कपडे जाळायचा हुकूम होता, पण भावाने काही लपवून पेटीत घालून घरी आणले, महिन्याहून जास्त काळानं ती पेटी उघडली आणि तोच आजारी पडून गेला. इतक्या दिवसांनी कोरड्या कपड्यांतून कॉलरा होणं मला कठीण वाटतं, तोपर्यंत तो दुसऱ्या वाटेनं गावात आला असणार, पण गरिबाला मेलेल्या भावाचा चांगला लोकरी कोट जाळवत नाही हे मात्र मला पूर्ण पटतं.

जवळच्याच निग गावात चर्चच्या आवारात एक दगड आहे, त्याला कॉलरा स्टोन म्हणतात. कथा अशी की चर्चच्या एका वडीलधाऱ्याला जमिनीलगत तरंगणारा पिवळट ढग दिसला, हाच कॉलरा असं समजून त्याने तो कापडाच्या पिशवीत पकडला, पुरला आणि वर हा दगड ठेवला. आपल्याकडे पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचे, ते आठवलं मला तो दगड पहिल्यांदा बघितला तेव्हा. भीती तीच होती. आणि त्या काळचे शिकलेले डॉक्टरही सडलेल्या हवेतून रोग होतो असंच मानत होते, तेव्हा ढग पकडणारा म्हातारा फार चुकला असं मी म्हणणार नाही.

याच काळात एक मोठा वाद चालू होता आणि तो मला आजच्या कामातही उपयोगी पडतो. चॅडविक म्हणायचा, घाण काढा, गटार बांधा, पाणी आणा, रोग जाईल आणि मग गरिबीही कमी होईल. एडिंबराचे प्राध्यापक डॉक्टर विल्यम पुल्टनी अ‍ॅलिसन म्हणायचे, उलटं आहे, तापाचं मूळ गरिबीत आहे, उपाशी आणि बेकार माणसाला मदत द्या, कारण स्कॉटलंडच्या जुन्या गरीब कायद्यात धडधाकट बेकार माणसाला काही हक्कच नव्हता. लोक विचारतात कोण बरोबर. टायफससाठी अ‍ॅलिसन जास्त बरोबर, कॉलरा-टायफॉइडसाठी चॅडविक जास्त बरोबर, जरी त्याचं वासाचं कारण चुकीचं होतं. आणि खेड्यासाठी मी अ‍ॅलिसनच्या बाजूला झुकतो, कारण त्या मजुराला पुरेशी मजुरी असती तर त्याला उकिरडा साठवायची गरज पडली नसती.

मग कायद्यानं काय केलं? इथे स्कॉटलंडची गोष्ट इंग्लंडपेक्षा वेगळी आहे, आणि बरेच लेख ती एकत्र करून टाकतात. १८४८ चा प्रसिद्ध पब्लिक हेल्थ अ‍ॅक्ट स्कॉटलंडला लागूच नव्हता. जन्म-मृत्यूची सरकारी नोंद इंग्लंडमधे १८३७ ला सुरू झाली, स्कॉटलंडमधे १ जानेवारी १८५५ ला. त्यामुळे त्याआधी खेड्यात किती माणसं कशानं गेली हे पाद्र्याच्या वहीवरून अंदाजानंच कळतं. १८४५ च्या गरीब कायद्यानं प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावांना मिळून, एक बोर्ड दिलं, गरिबांना मदत द्यायला, आणि वर एडिंबरात बोर्ड ऑफ सुपरव्हिजन. पुढे १८५६ च्या घाण हटवण्याच्या कायद्यानं आणि १८६७ च्या पब्लिक हेल्थ अ‍ॅक्टनं खेड्यातलं आरोग्याचं कामही याच पॅरिश बोर्डांच्या गळ्यात घातलं. आता त्या बोर्डात कोण बसायचं? जमीनदार, मोठे शेतकरी, चर्चचे वडीलधारे, म्हणजे तेच ज्यांच्या मालकीची ती घरं होती आणि ज्यांना टॅक्स भरायचा होता. इन्स्पेक्टर म्हणून बऱ्याच ठिकाणी गरिबांचा इन्स्पेक्टरच दुहेरी काम करायचा, थोड्याशा जादा पगारावर, आणि त्याने नोटीस काढायची कोणाला, तर ज्यांनी त्याला नेमलं त्यांनाच. त्या माणसांची दया येते. काही जणांनी तरीही नोटिसा काढल्या.

१८६७ च्या कायद्यात एक चांगली गोष्ट होती, गावातल्या दहा रहिवाशांनी लेखी अर्ज केला तर बोर्ड त्या गावापुरता 'खास पाणीपुरवठा विभाग' किंवा 'खास गटार विभाग' करू शकायचं, कर्ज काढायचं आणि टॅक्स फक्त त्या हद्दीतल्या लोकांवर. कागदावर छान. पण हद्द कुठे आखायची यावर भांडणं, मोठा शेतकरी म्हणणार माझं शेत गावाबाहेर आहे, मला वगळा, आणि त्याला वगळलं की उरतात फक्त विणकर, मजूर, दुकानदार, त्यांना पाइपलाइनचा खर्च झेपत नाही. ज्यांनी नळयोजनेची लोकवर्गणी गोळा केली आहे त्यांना हे चित्र नवीन वाटणार नाही.

खरा बदल १८८९ च्या कायद्यानं झाला. काउंटी कौन्सिल, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखी, आली आणि प्रत्येक काउंटीला आरोग्य अधिकारी आणि सॅनिटरी इन्स्पेक्टर नेमणं सक्तीचं झालं. म्हणजे पहिल्यांदाच असा डॉक्टर आला जो गावातल्या जमीनदारावर पोटासाठी अवलंबून नव्हता. त्यांचे १८९० च्या दशकातले वार्षिक रिपोर्ट वाचायला मिळाले तर जरूर वाचा, एकेका विहिरीचं वर्णन आहे, कुठल्या गोठ्यातून दूध कुठे जातं आणि कुठल्या घरात टायफॉइड निघाला हे चालत जाऊन, विचारून काढलेलं. माझ्या धंद्यातलं इतकं प्रामाणिक लिखाण मी फार कमी वाचलंय.

घरांबद्दल एक मुद्दा राहतोय आणि तो सगळ्यात जास्त विसरला जातो. सखल भागात नांगऱ्याला शेतकरी वर्षाच्या कराराने ठेवायचा, एकटा असेल तर सहा महिन्यांच्या, घर नोकरीबरोबर. मे महिन्यात करार संपला की कुटुंब बैलगाडीसारख्या गाडीत सामान टाकून पुढच्या शेतावर. जे घर पुढच्या मे मधे सोडायचंय त्याची जमीन कोण फरशीची करणार, तिथे कोण संडास बांधणार? हायलँड्समधे तर अजून वाईट, मेंढ्यांसाठी लोकांना दऱ्यांमधून काढून किनाऱ्याच्या दगडाळ पट्ट्यांवर दाटीनं बसवलेलं, कधी हाकलतील याचा नेम नाही, आणि घर सुधारलं तर भाडं वाढायची भीती. १८८६ च्या क्रॉफ्टर (भाड्याच्या छोट्या तुकड्यावर शेती करणारे) कायद्यानं या लोकांना जमिनीवर राहायचा हक्क, रास्त भाडं आणि सोडताना सुधारणेची भरपाई दिली. त्यानंतर बेटांवर हळूहळू धुराडी आली, खिडक्या आल्या, गोठा वेगळा झाला. या कायद्यात आरोग्याचा म्हणून एक शब्द नाही, पण माझ्या मते हायलँड्ससाठी तो त्या शतकातला सगळ्यात मोठा आरोग्याचा कायदा होता.

शतकाच्या शेवटी गावोगाव नळ आले. वरच्या डोंगरात झरा बांधून काढायचा, टाकी, तिथून उतारानं बिडाचा पाइप आणि रस्त्यावर सार्वजनिक नळखांब. पंप नको, इंधन नको. सिंहाच्या तोंडातून पाणी येणारे ते बिडाचे खांब अजून कितीतरी गावांत रंगवून ठेवलेले दिसतात. टायफॉइड खाली आला तो मुख्यतः यामुळे. पण दोन नवी दुखणी आली. एक शिशाचं, कारण पीटचं पाणी मऊ आणि आम्लधर्मी असतं, ते शिशाच्या पाइपातून जाताना शिसं विरघळवून घेतं, चव-वास काही नाही. हे दुखणं विसाव्या शतकातही संपलं नव्हतं, जुन्या घरात अजून मी आधी पाइपाचा रंगच बघतो. दुसरं असं की पाणी आलं, बरी घरं फ्लशचे संडास बांधायला लागली, पण गटाराचं टोक कुठे, तर ओढ्यात. वरच्या गावाची सुधारणा खालच्या गावाच्या पाण्यात. एडिंबराजवळच्या एस्क नदीवर कागदगिरण्यांनी पाण्याची अशी वाट लावली होती की ड्यूक ऑफ बक्लू हा बडा जमीनदार आणि इतर काठच्या मालकांनी गिरणीवाल्यांना कोर्टात खेचलं आणि १८६६ मधे जिंकले. खालच्या गावातल्या बायकांना कोर्टात जायची ऐपत असती तर तो खटला खूप आधी झाला असता.

आता, शहरापेक्षा खेडं वाईट होतं का? आकडे सांगतात की नाही. रजिस्ट्रार जनरल, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींचा मुख्य अधिकारी, शहरी, मुख्यभूमीवरचे ग्रामीण आणि बेटांवरचे ग्रामीण असे जिल्हे वेगळे काढायचा आणि मृत्यूदर शहरांत सगळ्यात जास्त, बेटांवर सगळ्यात कमी निघायचा. हे खरं आहे, लहान मुलं ग्लासगोत कितीतरी जास्त मरत होती. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हायलँड्समधे खूप मृत्यू डॉक्टरनं बघितलेच नव्हते, कारण डॉक्टर पन्नास मैलांवर आणि मधे समुद्र, तेव्हा कारणाच्या रकान्यात शेजाऱ्यानं सांगितलं ते. आणि दुसरं, ग्लासगोनं १८५९ मधे डोंगरातल्या लॉक कॅट्रिन या तळ्याचं पाणी आणलं आणि १८६६ च्या कॉलरात तिथे फार थोडी माणसं गेली, जिथे १८५३-५४ मधे जवळजवळ चार हजार गेली होती. म्हणजे शहर सुधारत गेलं आणि खेडं तिथेच राहिलं, अंतर कमी होत गेलं. खाणवाल्या गावांत तर अंतर नव्हतंच, लॅनार्कशरच्या खाण कंपन्यांच्या चाळी, दारासमोर उघडं गटार, वीसेक घरांना मिळून एक राखखड्डा, तो शेतकऱ्याला खत हवं असेल तेव्हाच उपसला जाणार.

आणि हे सगळं १९०० ला संपलं असं समजू नका. १९१२ मधे डॉक्टरांच्या सोयीची चौकशी करणारी सरकारी ड्यूअर कमिटी हायलँड्समधे फिरली तेव्हाही लोक डॉक्टरविना होते, त्यातून १९१३ ला तिथली सरकारी वैद्यकीय सेवा सुरू झाली, नॅशनल हेल्थ सर्व्हिसच्या ३५ वर्षं आधी. १९१७ च्या घरांवरच्या रॉयल कमिशननं ग्रामीण मजुरांच्या ओल्या, बिनसंडासाच्या घरांची वर्णनं केलीत ती १८४२ मधली वाटतात.

कधी लुइसला गेलात तर अर्नोल गावातलं ४२ नंबरचं ब्लॅकहाउस बघा, जपून ठेवलंय. आत पीटचा विस्तव चालू असतो, डोळे चुरचुरतात, एका बाजूला कपाटासारखे पलंग आणि दुसऱ्या बाजूला गोठा, मधे पाच-सात पावलांचं अंतर. हे घर १८८० च्या आसपासचं, म्हणजे पब्लिक हेल्थ अ‍ॅक्टनंतरचं. त्यात माणसं राहत होती १९६६ पर्यंत.